राणी, ब्रूनो, मनी आणि म्हैस : औषधाचा डबा एकच?

वाचक लिहितात :

डॉक्टर, नमस्कार. आम्ही कराड तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरी सासऱ्यांची अकरा वर्षांची गावठी कुत्री राणी, चार वर्षांचा लॅब्रॅडोर ब्रूनो, त्याच्या पोटाशी गुरफटून झोपणारी मनी मांजर आणि गोठ्यात दोन म्हशी. ब्रूनोला गेल्या वर्षी आकडी यायला लागली. डॉक्टरांनी गार्डिनालची गोळी दिली, सकाळी एक, रात्री एक. चार महिन्यांत एकदाही फिट आली नाही, शिवाय तो सारखा झोपायचा आणि खा-खा करायचा, म्हणून मी गोळ्या बंद केल्या. आठवडाभरात एकाच दिवशी दोनदा आकडी आली. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून हुंगवला. इकडे राणीला सकाळी उठवत नाही, मागचे पाय ताठतात. एक म्हैस लंगडते. दवाखाना लांब आहे, म्हणून घरातच एक डबा करून ठेवायचा विचार आहे. सध्या जमवलेलं असं : सासऱ्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या, कॉम्बिफ्लाम, क्रोसिन, म्हशीला टोचायला आलेल्या माणसानं ठेवून गेलेली डायक्लोफिनॅकची बाटली, उरलेलं गार्डिनाल, बीटाडिन, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम परमँगनेट, बोरोग्लिसरीन, ब्रूनोचे गोचिडाचे थेंब आणि पांढरं-काळं फिनेल. दुखण्यावर, आकडीवर आणि जंतू मारायला आणखी काय ठेवू?

उत्तर :

ताई, ब्रूनोचं उत्तर सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र हाती आलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. तुम्ही लगेच त्याला दवाखान्यात नेलंत आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हे कळलं. बरं वाटलं. आता बाकीच्या वाचकांसाठी आणि तुमच्या डब्यासाठी सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलंय, आणखी काय ठेवू. यादी वाचून मला आधी काय काढायचं तेच दिसलं. औषधांची वाटणी तुम्ही दुखण्यावरचं, आकडीवरचं, जंतूंवरचं अशी केली आहे. घरातल्या माणसांपुरती ती चालून जाते. तुमच्याकडे मात्र कुत्रं, मांजर आणि म्हैस अशी तीन वेगळी शरीरं आहेत, आणि एकाला तारणारं औषध दुसऱ्याला मारू शकतं. डब्यातल्या प्रत्येक वस्तूवर "कोणासाठी" हे आधी लिहा, "कशासाठी" ते नंतर.

सुरुवात क्रोसिनपासून करू, कारण तुमच्या घरात मनी आहे. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. माणसाचं यकृत त्याच्यावर एक प्रक्रिया करून ते लघवीवाटे बाहेर काढतं. त्या प्रक्रियेला लागणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. मग औषधाचे विषारी तुकडे रक्तात फिरतात, रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. "थोडीच दिली, पाव गोळी" असं म्हणत मांजर घेऊन येणारे लोक मी पाहिलेत. मांजराच्या बाबतीत पाव गोळीही थोडी नसते. चुकून पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न बघता निघा. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोगी.

कॉम्बिफ्लाममध्ये हेच पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि सोबत आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे मनीला एकाच गोळीत दोन विषं. कुत्र्यांनाही आयब्युप्रोफेन सोसत नाही. पोटात व्रण होतात, उलटीत रक्त येतं, शी डांबरासारखी काळी होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. सासऱ्यांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या डायक्लोफिनॅकच्या असतील तर त्यांनीही कुत्र्यांचं हेच होतं. या तिन्ही गोळ्या माणसांच्या कपाटात न्या, आणि तेही वरच्या कप्प्यात. लॅब्रॅडोर गोळ्यांचं अख्खं पाकीट प्लॅस्टिकसकट चावून गिळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग राणीला काय द्यायचं? अकरा वर्षांच्या कुत्रीचे मागचे पाय सकाळी ताठतात आणि चार पावलं चालली की ती मोकळी होत असेल, तर हे वर्णन सांधे झिजल्याचं वाटतं. तरीही एकदा तपासून घ्या. कंबरेच्या मणक्याचं दुखणं, पायाच्या नखात रुतलेला काटा आणि गोचिडांमुळे होणारे ताप, हे सगळं लांबून सारखंच दिसतं. आपल्याकडे गोचीडतापात सांधे सुजलेली कुत्री काही कमी नाहीत, आणि त्यांना वेदनाशामक नको असतं, वेगळंच औषध लागतं.

सांधेझीजच निघाली तर डॉक्टर बहुधा मेलोक्सिकॅम लिहून देतील. कुत्र्यांसाठी ते चांगलं आणि नेहमीच्या वापरातलं औषध आहे. गडबड होते ती मात्रेत. पहिल्या दिवसानंतर साधारण किलोमागे ०.१ मिलिग्रॅम हा रोजचा हिशेब धरतात. राणी १५ किलोची असेल तर तिला दिवसाला दीड मिलिग्रॅम लागतं. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारी गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे पाचपट किंवा दहापट. "नाव तेच आहे ना" म्हणून ती दिली की कुत्रं गोत्यात येतं. जनावरांसाठीचं मेलोक्सिकॅम निराळं मिळतं, पातळ स्वरूपातही मिळतं. ते घ्या, आणि राणीचं वजन करून मगच मात्रा विचारा. वजनकाटा नसेल तर धान्याच्या दुकानात जा. आधी तिला उचलून तुम्ही उभ्या राहा, मग एकट्या. वजाबाकी तुम्हाला येतेच.

मेलोक्सिकॅमच्या बाबतीत तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. ते पोटभर खाल्ल्यावर द्यायचं. उलट्या-जुलाब होत असतील, ती पाणी पीत नसेल, तर त्या दिवशी द्यायचं नाही, कारण कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो. आणि सर्वात महत्त्वाचं, त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड कधीही नाही. खाजेसाठी एकाकडून स्टिरॉइड, लंगडण्यासाठी दुसऱ्याकडून मेलोक्सिकॅम, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, अशात कुत्र्याच्या जठराला भोक पडू शकतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पहिल्याची चिठ्ठी सोबत न्या, एवढं साधं आहे ते.

गोळीइतकाच फरक फरशीने पडतो. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर राणीच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. घसरत-घसरत उठणारं म्हातारं कुत्रं रोज नव्याने स्नायू दुखावून घेतं. वजन जास्त असेल तर शिळ्या भाकऱ्या कमी करा.

आता ब्रूनो. तुमच्या पत्रातला हा भाग मी जास्त वेळ वाचला.

पहिल्यांदा आकडी सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली, दोन फिटच्या मधल्या काळात कुत्रं अगदी ठणठणीत, रक्त-लघवीच्या तपासण्या बरोबर, असं असेल तर त्याला अपस्मार म्हणतात. लॅब्रॅडोरमध्ये तो आढळतो. गार्डिनाल म्हणजे फेनोबार्बिटोन. हे औषध १९१२ सालापासून माणसांच्या अपस्मारावर वापरात आहे. माणसांसाठी पुढे कितीतरी नवी औषधं आली, कुत्र्यांमध्ये मात्र आजही पहिली पसंती बहुधा यालाच. त्याचं कारण आहे. माणसांना चालणारी फेनिटॉइनची गोळी कुत्र्याचं शरीर इतक्या झपाट्याने बाहेर टाकते की रक्तात ती टिकतच नाही. कार्बामॅझेपिन आणि व्हॅल्प्रोएटचीही तीच गत. म्हणून गावात कोणाकडे "फिटच्या गोळ्या" आहेत असं कळलं तरी मागून आणू नका.

तुम्ही गोळ्या का बंद केल्यात ते मला समजतं. आकडी थांबली, कुत्रं गुंगीत, वाडगा चाटूनपुसून साफ, मग औषध कशाला? पण आकडी थांबली होती ती गोळीमुळे. फेनोबार्बिटोन रोज दिलं की मेंदू त्या औषधाच्या दाबाखाली शांत राहायला शिकतो. ते एकाएकी काढून घेतलं की दबलेला मेंदू उसळतो, आणि मूळ आजारात आली नसती इतकी जोरदार आकडी येऊ शकते. एका दिवसात दोन फिट हा त्याचाच प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. हे औषध बंद करायचंच झालं तर डॉक्टर महिनोन् महिने मात्रा उतरवत नेतात.

झोप आणि लडखडणं हे साधारण पहिल्या दोन आठवड्यांचं दुखणं असतं, त्यानंतर बरंचसं कमी होतं. भूक आणि तहान मात्र राहते. ती खरी भूक नसते, औषधाची असते, म्हणून भाकरी वाढवायची नाही. काकडी, गाजर, उकडलेला दुधी घालून वाडगा भरलेला दिसेल असं करा. लॅब्रॅडोर एरवीही उपाशी असल्याचं नाटक करतो, त्यात हे औषध. महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा.

औषध रक्तात स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यानंतर रक्तातली पातळी मोजायची असते. माणसांच्या मोठ्या लॅबमध्ये "फेनोबार्बिटोन लेव्हल" ही तपासणी होते. मिलिलिटरमागे साधारण १५ ते ३५ मायक्रोग्रॅम हा पल्ला धरतात. पातळी कमी आणि फिट चालू असेल तर मात्रा वाढते. पातळी चांगली असून फिट येत असतील तर दुसरं औषध जोडतात. हे मोजलं नाही तर सगळा अंदाजपंचे कारभार. यकृतासाठी दर सहा महिन्यांनी रक्त तपासा. या औषधाने एक-दोन एन्झाइमचे आकडे वाढलेले दिसतातच, रिपोर्टवरचं लाल अक्षर बघून घाबरून गोळ्या थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा.

जोडीला कधी पोटॅशियम ब्रोमाइड देतात. माणसांसाठी ते एकोणिसाव्या शतकातलं औषध, आता विस्मरणात गेलेलं, पण कुत्र्यांत अजून उपयोगी. त्याची एक गंमत अशी की ते खाण्यातल्या मिठाशी बांधलेलं असतं. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे निघून जातं आणि फिट परत येते. ब्रूनोला कधी ते सुरू झालं तर घरच्या आमटीचा रस्सा आणि मुलांचे चिप्स बंद, एकदम बंद. आणि ब्रोमाइड मांजरांसाठी नव्हे, त्यांच्या फुप्फुसाला ते बाधतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या उपचारात फिट कायमची जाईलच असं नाही. त्यांची संख्या निम्म्यावर आली तरी आम्ही औषध लागू पडलं म्हणतो. तुम्हाला चार महिने पूर्ण शांतता मिळाली होती, म्हणजे ब्रूनो नशीबवान होता.

गोळीच्या वेळा बारा तासांच्या अंतराने, सकाळी आठ-रात्री आठ अशा ठरवा. एखादी चुकली तर आठवताच द्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नका. पाकीट संपायच्या दोन आठवडे आधी नवीन आणा. चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही, आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती नसेल तर ऐन दिवाळीच्या सुट्टीत तुमची धावपळ होईल.

प्रत्यक्ष आकडी आली की काय करायचं? कांदा नको, चप्पल नको, तोंडात पाणी नको. माणसाला असो की कुत्र्याला, कांद्याने आकडी थांबत नाही. ती एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. जीभ गिळेल म्हणून तोंडात बोटं घालू नका. कुत्रं जीभ गिळत नाही, तुमचं बोट मात्र जबड्यात सापडतं. जिना, चूल, टोकदार कोपरा यांपासून त्याला सरकवा, पंखा चालू, दिवा-टीव्ही बंद, मुलं बाहेर. मोबाइलवर वेळ लावा आणि जमलं तर व्हिडिओ काढा. डॉक्टरसाठी तो व्हिडिओ तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा मोलाचा असतो. फिटनंतर तो भिंतींना धडकेल, ओळख न दाखवता भटकेल, कदाचित गुरगुरेल. त्याला कवटाळायला जाऊ नका, हाक मारत थोडं लांब बसा.

पाच मिनिटं उलटली आणि झटके चालूच असतील, किंवा दिवसात दोन फिट आल्या, तर ती आणीबाणी. मेंदू आणि शरीर तापत जातं. ओल्या फडक्याने पोट-पंजे पुसत गाडी काढा. अशा वेळेसाठी काही डॉक्टर गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम घरी देऊन ठेवतात. तुमचा दवाखाना लांब आहे, तेव्हा हे जरूर विचारा, पण मात्रा आणि पद्धत त्यांच्याकडून शिकूनच. या औषधाची गोळी मनीला कधी देऊ नका. काही मांजरांचं यकृत तेवढ्याने बसतं.

आणखी दोन शक्यता मनात ठेवा. लसीकरण नसलेलं कुत्रं एकाएकी विचित्र वागायला लागलं, लाळ गाळायला लागलं, झटके आले, तर आधी रेबीजचा विचार करायचा आणि हात लांब ठेवायचे. लाळ अंगाला लागली किंवा ओरखडा उठला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन सरकारी दवाखान्यात लस घ्या. ब्रूनोची लस वेळेवर होत असेल अशी आशा आहे, पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. दुसरी शक्यता तुमच्याच डब्यात आहे, गोचिडाचे थेंब.

कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराला त्याने थरथर सुटते, मग आकड्या, मग मृत्यू. आणि तुमची मनी ब्रूनोच्या पोटाशी झोपते! त्याच्या अंगावरचं चाटलं तरी पुरतं. आज बाटलीवरचं नाव वाचा. परमेथ्रिन असेल तर ती बदलून घ्या, घरात मांजर आहे हे सांगून.

म्हशीकडे वळू. लंगडणाऱ्या म्हशीचं खूर आधी उचलून बघा. खिळा, खडा, खुराच्या बेचक्यात चिघळलेली जखम, वाढलेली खुरं. बहुतेकदा कारण तिथेच सापडतं आणि ते काढल्याशिवाय कुठलंही इंजेक्शन दोन दिवसांपुरतंच.

ती बाटली मात्र घरात ठेवू नका. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ सालीच आपल्या देशात बंद झालं आहे. लोक माणसांची मोठी बाटली आणून गुरांना टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये सरकारने माणसांचं इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकायचं बंधन घातलं. तुमच्याकडची मोठी बाटली त्यामुळे दोन्हीकडून बेकायदा. कारण गिधाडं. डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर मेलं, माळावर टाकलं, आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि दोन-चार दिवसांत पक्षी मरतो. हे कोडं २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासाने सुटलं. तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरावं इतकी घटली. मेलेल्या शंभर गुरांत एखाद्यात हे औषध असलं तरी एवढा विनाश पुरतो, कारण एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. आज महाराष्ट्रात रायगडमधल्या म्हसळ्याकडे किंवा गडचिरोलीकडे ती थोडीफार टिकवायची धडपड चालू आहे. तुमच्या सासऱ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी मेलेल्या बैलावर किती गिधाडं उतरायची.

२०२३ मध्ये जनावरांसाठीचं केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही बंद झालं. ॲसिक्लोफिनॅकचं गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. मग डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइड. तुमच्या म्हशीला वेदनाशामक लागलंच तर गिधाडांना न बाधणारी दोन औषधं माहीत आहेत, मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड. टोचायला येणाऱ्याला कुपीचं नाव विचारा. विचारल्याने कोणी रागावत असेल तर रागावू दे. आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही त्याच वेळी विचारून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा.

आता जंतुनाशकं. बीटाडिन ठेवा, ते उत्तम. मात्र जखमेवर सरळ ओतू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात फिक्क्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतकंच घाला. दाट घातल्याने जंतू जास्त मरत नाहीत, जखमेची नवी कातडी तेवढी मरते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला छान वाटतो, पण रोज वापरलं तर जखम भरायलाच वेळ लागतो. ते काढून टाका. डेटॉल मनीच्या जवळपासही नको. जखमेत अळ्या पडल्या तर डांबराच्या गोळ्या, पेट्रोल किंवा फिनेल कोंबायची आपल्याकडे पद्धत आहे. कृपा करून हे करू नका. नॅफ्थलिन आणि फिनॉल जखमेतून सरळ रक्तात जातं. म्हशीच्या अळ्यांवर टर्पेंटाइनचा बोळा चालतो, कुत्र्याला मात्र दवाखान्यातच न्या. ते चाटतं.

पोटॅशियम परमँगनेट लाळ्या-खुरकुताच्या काळात कामाला येतं, म्हशीचं तोंड आणि खुरं धुवायला. पाणी फिकट गुलाबी हवं आणि सगळे दाणे विरघळलेले हवेत, न विरघळलेला दाणा जिभेला भाजतो. पाणी तपकिरी झालं की ते बाद. आणि हे वाचताना डबा उघडा : परमँगनेट आणि बोरोग्लिसरीन शेजारी ठेवलंय ना? बोरोग्लिसरीनमध्ये ग्लिसरीन असतं. परमँगनेटच्या कोरड्या दाण्यांवर ग्लिसरीन सांडलं तर काडी न ओढता पेट घेतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

फिनेल घरात नको. मनी ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल जिथे अडतं तिथेच फिनेलमधलं फिनॉलही अडतं. घर पुसायला साबणाचं पाणी पुरे. काळं फिनेल गोठ्यासाठी, पण दूध काढायच्या वेळी नाही, कारण दूध तो वास धरतं आणि डेअरीवाला कॅन परत पाठवतो. शेण-मूत धुतल्याशिवाय टाकलेलं कुठलंही जंतुनाशक शेणातच खर्ची पडतं. लाळ्या-खुरकुताची साथ असेल तर फिनेलपेक्षा धुण्याचा सोडा बरा, दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम.

गावात पिल्लांना रक्ताचे जुलाब लागले, म्हणजे पार्व्हो, तर फिनेल आणि स्पिरिट दोन्ही बिनकामाचे. त्या विषाणूला ब्लीच लागतं. आधी साबणाने धुवा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात, दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर पाणी मारा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, जो वायू निघतो त्याने माणूसही आडवा होतो.

तर डब्यात राहील ते एवढं : बीटाडिन, सलाइनची बाटली, गॉज आणि पट्टी, तोंड बांधायला मऊ सुती पट्टा, हातमोजे, थर्मामीटर (कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ताप वाटावा इतकं), ब्रूनोचं गार्डिनाल, डॉक्टरांनी दिलं तर डायझेपाम, तपासणीनंतर लिहून दिलेलं राणीचं मेलोक्सिकॅम तिच्या नावाने वेगळं, आणि एक वही. वहीत पाचही जनावरांची वजनं, लसीच्या तारखा आणि ब्रूनोच्या प्रत्येक फिटची तारीख, वेळ, मिनिटं. झाकणावर १९६२ हा नंबर मोठ्या अक्षरात. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो टोल-फ्री क्रमांक आहे. म्हशीसाठी तर तो नक्कीच लावून बघा. मोठी तपासणी लागली तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे.

डायक्लोफिनॅकची बाटली उकिरड्यावर किंवा मोरीत ओतू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घेऊन जा, तिथल्या औषधी कचऱ्यात ती जाईल. आणि म्हशीच्या खुरात काय निघालं, ते कळवा.